खंड्याचा रिकामा गोठा

१

गोठा रिकामा होता, आणि योगेंद्र दिघे त्या रिकाम्या गोठ्याकडे पाहत बसला होता.

घर कर्जत गावातले, दिघ्यांचे. त्या घरात वकील होऊन गेले, मास्तर होऊन गेले, एक डॉक्टरही झाला. गुरे मात्र कोणी पाळली नव्हती. हा गोठा संगणकाच्या पडद्यावर होता. 'आउटर रीफ' नावाच्या ऑनलाइन खेळात प्रत्येक खेळाडूला एक अंतराळयान मिळते आणि यानाच्या पोटात प्राणी ठेवण्याची एक खोली असते. खेळाने तिला भारदस्त इंग्रजी नाव दिले होते. या घरात तिला गोठा म्हणत.

गोठ्यात खंड्या असे. योगेंद्रच्या मुलाने, हर्षदने, एका बर्फाळ चंद्राच्या भेगेतून त्याचे अंडे मिळवले होते आणि यानाच्या भट्टीशेजारी ठेवून ते उबवले होते. ऊब थोडी जास्त झाली तर पिल्लू आंधळे निपजते, कमी झाली तर निपजतच नाही. हर्षद रसायन अभियंता होता, तापमान राखणे हा त्याचा धंदाच होता. निघालेले पिल्लू सहा पायांचे आणि निळ्या पाठीचे होते, म्हणून त्याचे नाव खंड्या. पुढे ते वाढून रेड्याएवढे झाले.

मोहोपाड्याच्या कारखान्यातून घरी येताना लोधिवलीजवळ हर्षदच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि तो गेला. त्याला आता वर्ष झाले होते. ही बातमी खंड्याला कळण्याची सोय खेळात नव्हती. त्याला दोन्ही वेळा शेवाळ लागे. मिळाले नाही तर असला प्राणी आधी निजतो आणि मग मरतो. तेव्हापासून मुलाचे खाते उघडून योगेंद्र त्याला खायला घाली, त्याच्या पाठीवर साचलेले क्षारांचे खडे घासून काढी, आणि खंड्या जेवला की मग स्वतः जेवे.

वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी गोठा रिकामा निघाला. त्या संध्याकाळपासून योगेंद्रने अन्नाला हात लावलेला नव्हता. मधुमेहाची गोळी मात्र तो सवयीने घेत होता. काल त्याला दरदरून घाम सुटला होता, जीभ जड झाली होती, आणि हर्षलाने, त्याच्या बायकोने, जबरदस्तीने साखरेचे पाणी पाजले होते. डॉक्टर म्हणाले होते, असे पुन्हा झाले तर घरी निभेलच असे नाही.

म्हणून त्याच्या मुलीने, भाविकाने, आत्याला बोलावले होते. अनसूयाबाई योगेंद्रच्या थोरल्या बहीण. गावातच राहत. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत विषांचे विश्लेषण करण्यात त्यांची नोकरी सरली होती. भाचा-पुतण्या असा त्यांना एकच होता, हर्षद. तो गेला हे त्यांना माहीत होते, जसा एखाद्या पदार्थाचा उत्कलनबिंदू माहीत असतो. त्यापलीकडे वर्षभरात त्यांना काही जाणवले नव्हते आणि आपल्याला काही जाणवत नाही याचेही त्यांना फारसे वाटत नव्हते.

"हर्षदच्या त्या मित्रानं, सिद्धांतने नेला," योगेंद्र पडद्यावरून नजर न काढता म्हणाला. "त्याला सगळं माहीत आहे खेळातलं. मी पोलिसांत जाणार आहे, ताई."

"आधी जेव."

"खंड्या मिळू दे."

मग तो बराच वेळ एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगत राहिला. वर्षभरात त्याने खंड्याची एकही वेळ चुकवली नव्हती. ताप असताना चुकवली नाही, मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन डोळ्याला पट्टी होती तेव्हाही चुकवली नाही. अनसूयाबाईंनी ते ऐकून घेतले.

भाविकाने खेळाच्या कंपनीला विचारले होते. उत्तर छापील होते: खाते घरच्याच इंटरनेटवरून उघडले गेले आहे, चोरीचा पुरावा नाही. म्हणजे बाहेरचा भुरटा हा पर्याय निकालात निघाला. ज्याने कोणी हे केले तो वर्षश्राद्धाच्या दिवशी या छपराखाली होता. त्या दिवशी भटजी दक्षिणा घेऊन गेल्यावर घरात सहा माणसे उरली होती. त्यांतल्या एक अनसूयाबाई स्वतः होत्या.

२

भाविका हर्षदची धाकटी बहीण. तिने काही लपवले नाही. तिला ते खाते बंद करायचे होते. वडिलांनी दिवसचे दिवस एका निर्जीव जनावरासमोर बसून राहावे हे तिला बघवत नव्हते आणि त्यावरून तिची त्यांच्याशी दोनदा भांडणे झाली होती.

"मग तू केलंस?"

"आत्या, मी केलं असतं तर दार आपटून सांगितलं असतं. आणि एकटा खंड्या कशाला, खातंच उडवलं असतं. माझा राग त्या खुर्चीवर आहे. खंड्यानं माझं काय घोडं मारलंय?"

अनसूयाबाईंना हे पटले. राग असा निवडून काढल्यासारखा काम करत नाही.

हर्षला मागच्या ओटीवर बिरडे सोलत बसली होती. मोड आलेले वाल बोटांतून सुळकन निसटत आणि सालांचा ढीग वाढत होता. ती कशेळ्याच्या भातशेतकऱ्याची मुलगी; दिघ्यांच्या घरात येऊन इतकी वर्षे झाली की तिची भाषाही या घरासारखी झाली होती. श्राद्धाच्या दिवशी दुपारी कोण कुठे होते, हे तिने नीट सांगितले. भाविका भांडी आवरत होती. सिद्धांत जेवून अंगणात बसला होता. योगेंद्र थकून झोपला होता. तिचे वडील नागूबाबा ओसरीवर पडले होते, पण मुक्कामाला काही राहिले नाहीत.

"चांद्या दिसल्याशिवाय बाबांना चैन पडत नाही," ती म्हणाली. "काकाच्या नावानं सोडलेला वळू हो. चांद्या वालाच्या शेतात शिरला तरी त्याला कोणी हाकलत नाही, फार माजलाय."

अनसूयाबाईंनी विचारले, तुला कोणाचा संशय येतो? हर्षलाने मान हलवली. ते जनावर गेले, कसे गेले कोण जाणे, एवढेच ती म्हणाली. मग वाल सोलता सोलता थांबून तिने हळूच विचारले, "वन्सं, शुक्रवारपर्यंत ते तग धरतील ना?"

डॉक्टरांनी शुक्रवारी बोलावले असेल असे समजून अनसूयाबाईंनी नुसते हं केले. तेवढ्यात त्यांच्या फोनवर निरोप आला. सिद्धांतचा होता.

'आत्या, काकांना सांगा दुसऱ्या कोणाला दोष देऊ नका. त्या दिवशी मी गोठ्यात गेलो होतो.'

३

चौकच्या एसटीने अनसूयाबाई लोधिवलीला गेल्या. सिद्धांत हर्षदचा शाळेपासूनचा मित्र, खेळातला जोडीदार. दोघांची याने एकाच तुकडीत असल्यामुळे एकाला दुसऱ्याच्या यानात जाता येई. तो घराच्या पायरीवर बसून होता. आत या म्हणायचेही त्याला सुचले नाही.

तो म्हणाला, की जेवण झाल्यावर अंगणात बसून त्याने फोनवरून हर्षदच्या यानात पाऊल टाकले. उगीच, खंड्याला बघायला. गोठा तेव्हाच रिकामा होता. तो गप्प राहिला, कारण हे सगळे थांबवा असे त्याने काकांना तीनदा सुनावले होते, आणि आता कोण विश्वास ठेवणार?

"मघाशी निरोप वाचून मला वाटलं, तू कबुली देतोयस."

"तसंच समजा ना. काका जेवणार असतील तर मी चोर. पण त्यांना खंड्या पाहिजे आणि तो माझ्याकडं नाय, आत्या."

 अनसूयाबाईंनी त्याला आपल्या जुन्या पद्धतीने कामाला लावले. या खेळात प्राणी गोठ्यातून जाण्याचे मार्ग किती, ते सांग.

चार, सिद्धांत म्हणाला. उपासमारीने मेला तर कलेवर उरते. इथे उरले नव्हते. दुसऱ्या खेळाडूला दिला किंवा बाजारात विकला तर गळ्यातला पट्टा त्याच्याबरोबर जातो; इथे पट्टा यानाच्या खुंटीवर लटकत होता. त्याने फोनवर दाखवला. राहिला चौथा मार्ग: एखाद्या ग्रहावर उतरून पट्टा हाताने काढायचा आणि प्राण्याला सोडून द्यायचे. पण तसे कोणी करत नाही. त्यात कोणाचा काही लाभ नसतो.

"भांडारात काय काय कमी झालंय?"

त्याने बघितले, आणि कपाळाला आठी घातली. लाल शेवाळ सगळे संपले होते. ते दुर्मीळ; हर्षद ते शर्यतीच्या आधीच काढायचा. रंगाच्या डबीतला शेंदरी रंगही संपला होता. आणि यानाच्या उतरत्या फळीला ओला चिखल लागलेला होता. यान नंतर खेळातल्या अंतराळ स्टेशनवर परत आले होते खरे, पण त्याला एक बटण पुरते, यान आपले आपण येते.

"सोडायचंच होतं तर स्टेशनच्या दारात सोडतात," सिद्धांत म्हणाला. "येवढं लांब पाण्याकाठी कोण नेतो? आणि जायच्या आधी इतकं महागाचं खायला कोण घालतो?"

"तो परत मिळेल?"

"मिळंल ना. त्या ग्रहाचा ऋतू पालटेपर्यंत जुन्या मालकाला ओळखतो. जवळ गेलं की येतो. नंतर रानटी होतो, मग नाय. पण पाण्याचे ग्रह ढिगानं आहेत. कुठं सोडला ते सोडणाऱ्यालाच माहीत."

"ऋतू कधी पालटतो?"

"सगळ्या ग्रहांवर एकदमच. या शुक्रवारी."

परतीच्या एसटीत अनसूयाबाईंनी निष्कर्ष मांडून पाहिला. पोटभर चारले, शेंदरी रंगाने रंगवले, पाण्याकाठी नेऊन मोकळे केले. यात चोराची एकही सवय नव्हती आणि खेळाडूचीही नव्हती. हे गुरांमध्ये वाढलेल्या हाताचे काम होते, आणि त्या दिवशी घरात असा हात असलेला एक म्हातारा ओसरीवर पडून होता.

शुक्रवार परवावर आला होता.

४

त्याच दुपारी कशेळ्याच्या जीपमध्ये त्यांना पुढची जागा मिळाली. नागूबाबा घरामागच्या शेतात वालाच्या कडेला उकिडवे बसले होते. भात निघून गेलेल्या खाचरात वालाची हिरवळ पसरली होती आणि तिच्या मधोमध एक पांढरा, कपाळावर चांद असलेला प्रचंड वळू निवांत चरत होता. त्याच्या दोन्ही मांड्यांवर डागाच्या जुन्या खुणा होत्या. कोणी त्याला हटकत नव्हते.

"बसा बाई," नागूबाबा म्हणाले. "जावई जेवले का नाय?"

नाही, अनसूयाबाई म्हणाल्या, आणि सरळ विचारले, की खंड्याला तुम्ही सोडलेत का.

म्हातारा हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही. "मला त्यातलं काय कळतंय? हर्षदनं एकदा दावला व्हता तो खंड्या. चांगला व्हता गं बाई, पन शिंगं नाय. मी म्हनलं, बिनशिंगाचा खंड्या तुझा, पाय सहा दिलेत नि शिंगं द्याला इसरले काय? लय हसला तो." 

अनसूयाबाईंनी वळूबद्दल विचारले. भाऊ गेला तेव्हा त्याच्या नावाने सोडला, ते म्हणाले. आंघोळ घातली, गोडधोड चारले, डाग दिले, ओहोळापलीकडे नेले आणि दावे सोडून हातात ठेवले. गेलेल्याचा जीव कशात अडकला असेल तर तो त्याच्याबरोबर सुटतो, असे म्हणतात.

"आणि खरंच सुटतो?"

"त्याचं मला ठावं नाय. माझा सुटला."

"याचं नाव चांद्या ना?"

नागूबाबांनी त्यांच्याकडे पाहिले आणि नजर वळवली. "तुमी म्हना. गाव म्हनतंय. मी नाय घेत."

"का?"

"ज्यानं सोडला त्यानं नाव घ्याचं नाय. आमच्यात तसंच हाय. नाव घेतलं का जनावर मागं येतंय, नि सोडलेलं सगळं परत दावनीला लागतंय. दुसऱ्यांनी घेतलं तर काय नाय. बंदी सोडनाऱ्याला."

जीप सुटायची वेळ झाली होती, पण अनसूयाबाई उठल्या नाहीत. प्रयोगशाळेत कधी कधी द्रावणात एकच थेंब पडायचा आणि सगळे एका क्षणात रंग बदलायचे. तसे आत्ता झाले होते, आणि त्यात आनंद मुळीच नव्हता.

५

हर्षला त्याच ओटीवर होती. अनसूयाबाई तिच्यासमोर पाटावर बसल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. अहवाल वाचून दाखवावा तसे त्या बोलल्या.

"तुझे वडील खंड्याचं नाव घेतात, वळूचं घेत नाहीत. तू वळूचं नाव घेतेस, खंड्याचं घेत नाहीस. आज सकाळी तू 'ते जनावर' म्हणालीस. या घरात त्याला तसं कोणी म्हणत नाही. वर्षभर तूही म्हणत नव्हतीस."

हर्षलाचे हात थांबले.

"तुला संगणकातलं काही येत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. पण डोळ्याला पट्टी असतानाही वेळ चुकली नाही असं योगू सांगतो. पट्टी बांधलेल्या माणसाला पडदा दिसत नाही. तो सांगत होता आणि करत होतीस तू. आणि डॉक्टरांनी शुक्रवारी बोलावलेलं नाही, मी विचारलं. शुक्रवारी ऋतू पालटतो."

"पडद्यावर लिहून आलं होतं," हर्षला म्हणाली. "सोडल्यावर. अमुक दिवसापर्यंत परत घेता येईल म्हणून."

"म्हणून गप्प राहिलीस."

"सांगितलं असतं तर लगेच जाऊन घेऊन आले असते. वन्सं, भटजींनी सगळं यथासांग केलं. मी नुसती बघत बसले. मला काही झालंच नाही त्यातलं." तिने सालांचा ढीग एका बाजूला सारला. "हे रोज त्याला चारायचे आणि उठताना मला सांगायचे, जेवला गं. पुढं पुढं हे कोणाबद्दल सांगतायत तेच मला कळेना. म्हटलं, एकाला तरी मोकळं करावं. या घरात राहते त्या बाईच्या हातून ते झालं नसतं. माझ्यातली माहेरची उठली आणि तिनं केलं."

"मेलेल्याला त्यातून काही मिळतं यावर माझा विश्वास नाही."

"माझा तरी कुठं आहे? पण पट्टा काढताना माझा हात अडला. वर्षात पहिल्यांदा काहीतरी लागलं मला."

 हे वाक्य अनसूयाबाईंपर्यंत पोहोचले आणि तिथेच थांबले, बंद दाराशी थांबावे तसे.

"एक दिवस द्या," हर्षला म्हणाली. "परवा मीच सांगेन. मग ओरडू देत, मारू देत."

"आज दुपारी त्याची साखर पुन्हा उतरली होती. भाविकानं सांगितलं मला. एका दिवसाचा भरवसा मी देऊ शकत नाही, आणि तूही नाही. निष्कर्ष सोयीचा होईपर्यंत मी अहवाल कधी अडवून ठेवला नाही. मी आत जाते. तू आधी सांगितलंस तर मला बोलावं लागणार नाही."

हर्षलाने पदराला हात पुसले. तिला उठायला वेळ लागला.

६

योगेंद्रने सगळे ऐकून घेतले. तो ओरडला नाही. त्याने फक्त विचारले, "कुठे?"

तिने सांगितले. वाकड्या कड्याचा हिरवा ग्रह, जिथे नदीला दोन फाटे फुटतात.

यान निघाले, उतरले. भाविका दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर गवत होते, पाणी होते, आणि लांबवर निळ्या पाठींचा एक कळप. त्यातली एक पाठ वेगळी झाली आणि सावकाश यानाकडे येऊ लागली. तिच्या दोन्ही बाजूंना शेंदरी रंगाचे एकेक वर्तुळ होते. वेडेवाकडे होते; माउसने वर्तुळ काढायची सवय नसलेल्या हाताचे.

खंड्या येऊन समोर उभा राहिला. पडद्याच्या कोपऱ्यात बटण उजळले: परत घ्या.

"एकदा सोडलेलं परत बांधत नाहीत," हर्षला म्हणाली.

"मी सोडलेलं नाही."

 योगेंद्रने बोट बटणावर ठेवले, पण अजून दाबले नाही.

"तो पण असाच," योगेंद्र म्हणाला. "सकाळी गेला, मी आंघोळीला होतो. जातो म्हणून ओरडला असेल, मला पाण्यात ऐकू आलं नाही. आणि आता हाही. दोन्ही वेळा मी नव्हतो, हर्षला."

हर्षला खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काही हलले नाही, पण खुर्ची किंचित सरकली.

त्याने बटण दाबले. निळी पाठ उतरत्या फळीवरून चढून गोठ्यात आली. त्याने शेवाळ घातले, साधेच, लाल उरले नव्हते. मग बराच वेळ घासणीने पाठीवरचे खडे काढले. शेंदरी वर्तुळे तेवढी त्याने तशीच ठेवली.

"शुक्रवारी सकाळी सोडू," तो म्हणाला. "ऋतू पालटायच्या आत. तिथंच, नदीवर. तुला पट्टा काढायचा तर तू काढ. पण मी इथं बसलेला असेन."

"बरं," हर्षला म्हणाली.

भाविकाने ताट आणले. भात, बिरडे, लिंबाची फोड. योगेंद्रने ते मांडीवर घेतले, भात कालवला, पहिला घास तोंडात घातला आणि चावत राहिला.  अनसूयाबाई त्याच्या जबड्याकडे पाहत होत्या. घास खाली उतरला, दुसरा गेला, तिसरा गेला. चौथ्याला तो थांबला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

हर्षला मीठ आणायला आत गेली.